सकाळी लॉक घेतलं, संध्याकाळी म्हणतो लॉकच नाही. आरसीएस वापरणारं कोणी आहे का इथे?

धोटा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलच्या एका कारखान्यात डिझाइन खात्यात काम करते. मी संगणकवाली नाही, जकार्डवाली (मागावर नक्षी विणणारी यंत्रणा) आहे. त्यामुळे चुकीचे शब्द वापरले तर सांभाळून घ्या. कमांडही देवनागरीतच लिहितेय, मोबाईलवर सारखा कळफलक बदलायचा कंटाळा येतो.

आमच्याकडे कोपऱ्यात एक लिनक्सचा डबा आहे. पूर्वीचे एक इंजिनिअर तो लावून पुण्याला निघून गेले. सगळी डिझाइनं त्यावर आरसीएसमध्ये (फाइलींच्या जुन्या-नव्या प्रती जपणारा प्रोग्राम) ठेवलेली असतात. आम्ही दोघं, मी आणि अण्णा (वयाने मोठे, वीस वर्षं ग्राफ काढतायत, घरी तेलुगू बोलतात आणि चिडले की माझ्याशीही). दोघांचे फोल्डर वेगळे, पण दोन्हींत आरसीएस नावाची लिंक आहे, ती एकाच जागी जाते. विंडोजच्या मशीनवरून फोल्डर उघडून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचं आणि ठेवणं-काढणं काळ्या पडद्यावर. इंजिनिअरसाहेबांनी दोनशे पानी वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय:

सीओ -एल : लॉक करून घे (म्हणजे दुसऱ्याला ती बदलून ठेवता येणार नाही)
सीआय -यू : ठेव, आणि वाचायला एक प्रत राहू दे
नुसतं सीआय कधीच मारू नका

तिसरी ओळ लाल पेनाने लिहिली आहे आणि तिचं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. नुसतं सीआय मारलं आणि फाइल फोल्डरमधून गायब! मी रडायच्या बेतात. मग अण्णांनी शांतपणे सीओ मारून परत आणून दिली. फाइल पोटात जाते, बाहेर काही ठेवत नाही, एवढंच.

आता मुद्दा. मंगळवारी सकाळी साडेनऊला मी मोर१४.बीएमपी ही फाइल सीओ -एल करून घेतली. उत्तर आलं, रिव्हिजन (म्हणजे प्रतीचा क्रमांक) १.७, लॉक्ड. दिवसभर मोराच्या मानेवर बसले. तिथे बाण्याचे (आडवे) धागे फार लांब तरंगत होते, नखात अडकतील असे, म्हणून मध्येमध्ये टाके दिले. सव्वासहाला सीआय -यू मारलं तर म्हणतो, "नो लॉक सेट बाय डिझाइन". सकाळी मी स्वतः घेतलेलं लॉक! कोणी तोडलं तर मेल येतो असं वहीत लिहिलंय. मेल नाही, काही नाही.

बस सुटत होती. वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, "लॉक नाही म्हणाला तर आरसीएस -एल, मग परत सीआय". तसं केलं. गेली फाइल आत, १.९ झाली.

बुधवारी डिझाइन मागावर चढलं. चार चादरी निघाल्यावर जॉबर (माग बघणारा) पहिली उलगडून घेऊन आला. मोराची मान झकास, पण दोन्ही टोकांची आडवी किनार जुनी. अण्णांनी मंगळवारीच ती बदलून ठेवली होती म्हणे. मग जे काय झालं ते तेलुगूत झालं.

अण्णा म्हणतात, मी त्यांचं काम पुसलं. मी म्हणते, लॉक माझ्याकडे असताना त्यांना फाइल मिळालीच कशी? ते म्हणतात, दुपारी चारला ठेवली. आरलॉग (कधी काय ठेवलं त्याची नोंद) काढून बघितला:

१.९ : १२:४८, ऑथर डिझाइन, लाइन्स +१ -१, "मोराची मान"
१.८ : १०:३४, ऑथर डिझाइन, लाइन्स +१ -१, "किनार बदलली"

म्हणजे त्यांनी साडेदहाला ठेवली आणि सांगतायत चार! आणि माझं बारा अठ्ठेचाळीस? मी तेव्हा जेवायला पण उठले नव्हते. शिवाय मी शेकडो ठिपके हलवले आणि हा म्हणतो एक ओळ बदलली.

तीन प्रश्न. लॉक गेलं कुठे? अण्णांची किनार परत मिळेल का? आणि ही वेळ काय भानगड आहे?

नान्नजचा_माळढोक

२०२० नंतर आरसीएस?! ताई, त्याच कामाचं नवं गिट टाका. प्रश्न मिटला.

धोटा

@नान्नजचा_माळढोक, गिटमध्ये अण्णांचा मोर आणि माझा मोर एकत्र करून देणार का कोणी? चित्राची फाइल आहे, हिशेबाचा कागद नाही.

टर्मिनल_काका

धोटाताई, आधी वेळेचं सांगतो, कारण त्यावरून घरात भांडण पेटलेलं दिसतंय. अण्णा खरं बोलतायत. आरसीएस वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितं आणि आरलॉग तशीच दाखवतं. आपल्याकडची घड्याळं साडेपाच तास पुढे. १०:३४ मध्ये साडेपाच तास मिळवा, चार वाजून चार मिनिटं. तुमचे १२:४८ म्हणजे सहा अठरा. "आरलॉग -झेडएलटी" मारा (झेड लहान, एलटी मोठ्या अक्षरांत), इथली वेळ दिसेल. आधी अण्णांना चहा पाजा, मग पुढचं वाचा.

लॉकबद्दल मला शंका आहे, पण आधी एक करून दाखवा. तुमच्या टर्मिनलवर "हू ॲम आय" नाही, सलग "हूअॅमआय" मारा आणि अण्णांनाही मारायला सांगा. दोघांचं काय येतं ते लिहा.

धोटा

चहा पाजला. शेंगाचटणी आणि कडक भाकरीही दिली, कारण मी त्यांना खोटारडे म्हणाले होते.

दोघांचंही "डिझाइन" येतं. सगळे त्याच नावाने आत जातो. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलाय.

टर्मिनल_काका

सापडलं. तुमचं लॉक कोणी तोडलंच नाही, ते तुम्ही दोघांनी मिळून वापरलं.

आरसीएसला माणूस ओळखता येत नाही, लॉगिनचं नाव ओळखता येतं. लॉक म्हणजे काही भिंत नव्हे, इतिहासाच्या फाइलच्या डोक्यावर लिहिलेली एक चिठ्ठी असते: १.७, डिझाइन. तुम्ही साडेनऊला ती लिहिलीत. अण्णांनी नंतर त्यांच्या फोल्डरमधून सीओ -एल मारलं, तेव्हा त्याने बघितलं, १.७ वर लॉक आहे, कोणाचं? डिझाइनचं. मागतोय कोण? डिझाइन. मग त्याचंच आहे की! देऊन टाकलं आणि तुम्हाला दिलेलंच उत्तर अण्णांनाही दिलं. अण्णांचं लॉगिन वेगळं असतं तर तिथेच "आधीच अमक्याने लॉक केलंय" म्हणून अडवलं असतं.

चारला अण्णांनी १.८ ठेवली. ठेवताना चिठ्ठी फाटली. सव्वासहाला तुम्ही आलात तेव्हा डिझाइनच्या नावावर काहीच शिल्लक नव्हतं. तो खरं तेच बोलला. मेल येणार कसा? मेल दुसऱ्याचं लॉक तोडलं तरच जातो. इथे दुसरा कोणी नव्हताच.

आणि समासातली ती पेन्सिल पुसून टाका. आरसीएस -एल हे फोल्डरमधल्या फाइलला हात न लावता फक्त लॉक लावतं, आणि लावतं सर्वांत ताज्या रिव्हिजनवर. म्हणजे तुम्ही १.८ वर लॉक घेतलंत आणि १.७ वर बेतलेलं काम तिच्या डोक्यावर ठेवलंत. १.९ हा आकडाच ओरडून सांगत होता: सकाळी १.७ घेतली होती, तर ही १.८ व्हायला हवी होती. ती कमांड वाईट नाही. लॉक न घेता कोणी काम करून बसलं तर तीच कामी येते. पण तिच्याआधी आरलॉग बघायचा, मधे कोणी येऊन गेलंय का.

किनार कुठेही गेलेली नाही. असं काढा:

सीओ -पी१.८ मोर१४.बीएमपी > अण्णा.बीएमपी

-पी मुळे ती पडद्याकडे ओतली जाते आणि बाणाने नव्या नावात वळते. तुमच्या फाइलला धक्का लागत नाही. मग १.९ सीओ -एल करून घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडून किनारीच्या ओळी उचलून चिकटवा. किनार टोकाला आहे, मोर मध्ये आहे, हाताने दहा मिनिटांचं काम.

पेठेतला_पोरगा

काका एवढं मोठं कशाला, प्रत्येकाने टर्मिनल उघडल्यावर लॉगनेम हा व्हेरिएबल आपल्या नावाचा करायचा. आरसीएस आधी तोच बघतं. एक्सपोर्ट लॉगनेम बरोबर अण्णा. झालं. आमच्या हिकडं असंच चालतंय.

टर्मिनल_काका

चालतं, खोटं नाही बोलत. पण मग ताईसुद्धा अण्णा होऊ शकतात, आणि विसरला की परत सगळे डिझाइन. कॅलेंडरमागच्या पासवर्डचीच दुसरी आवृत्ती आहे ती. चार दिवस काढायला ठीक.

नीट करायचं तर दोघांना वेगळं लॉगिन द्या आणि दोघांना एका गटात टाका. सामायिक आरसीएस डिरेक्टरीवर गटाला लिहायची परवानगी हवी आणि गटाचा सेटजीआयडी लावायचा, म्हणजे आत नवीन येणारी फाइलही त्याच गटाची होते. इथे लोक हमखास अडखळतात. इतिहासाच्या फाइली (नावाच्या शेवटी स्वल्पविराम आणि व्ही असतो त्या) फक्त-वाचा अशा दिसतात, मग घाबरून त्यांच्यावर परवानग्या उघड्या टाकतात. गरज नाही. आरसीएस जुन्या फाइलीत लिहीत नाही. शेजारी नवी बनवतं आणि नाव बदलून तिच्या जागी सरकवतं. म्हणून परवानगी डिरेक्टरीला लागते, फाइलीला नाही.

बदल करायच्या आधी "आरलॉग -एल -आर आरसीएस/*" मारा (दोन्ही अक्षरं मोठी). कुठल्या फाइलींवर लॉक लटकलेलं आहे त्यांची फक्त नावं येतील. ती सगळी डिझाइनच्या नावावर असणार. काम ठेवून मोकळी करा, नाहीतर नव्या नावाने आलात की स्वतःचीच लॉकं तोडत बसाल.

आणि माळढोकराव, गिट चांगलंच आहे, मी दिवसभर तेच वापरतो. पण जिथे दोन प्रती जोडता येत नाहीत तिथे "एकावेळी एकानेच हात लावायचा" हाच कायदा शहाणा. पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ च्या सुमारास आरसीएस केलं ते याच कायद्यावर. पुढे सीव्हीएस आलं ते सुरुवातीला आरसीएसवरच चढवलेल्या स्क्रिप्टा होत्या आणि त्यांनी लॉकाऐवजी "दोघंही करा, मग जोडू" हे रूढ केलं. प्रोग्रामला ते मानवलं. चित्रांना नाही मानवलं, म्हणून तर सबव्हर्जनमध्ये २००५ साली १.२ आवृत्तीत लॉक परत आणावं लागलं, आणि गिटच्या मोठ्या फाइलींसाठीच्या एलएफएस या पुरवणीतही लॉकची कमांड आहेच.

नान्नजचा_माळढोक

मान्य. लॉकचं माहीत नव्हतं.

सात_रस्ता

एक मुद्दा सगळ्यांनी सोडून दिला, "एक ओळ बदलली" तो. मला तोच जास्त आवडला. ताई, डिझाइनची फाइल आठ बिटांची आहे का, आणि रंग किती?

धोटा

आठ बिट. १३४४ हूक, म्हणून रुंदी १३४४ ठिपके. उंची २४०० पिक (बाण्याचा एक फेरा म्हणजे एक पिक). रंग सात, पण ते रंग नसतात, विणीचे क्रमांक असतात. ३ म्हणजे साटीन, ५ म्हणजे साधी वीण, असं. मागाला लाल-हिरवं कळत नाही.

सात_रस्ता

मग बरोबर. आरसीएस फरक काढतं तो ओळींचा. ओळ कुठे संपते? जिथे १० या किमतीचा बाइट येतो तिथे. तुमच्या फाइलीत प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाइट आणि किमती ० ते ६. चित्रभर १० कुठे येतच नाही! म्हणून २४०० पिकांचं तुमचं अख्खं कापड आरसीएसच्या नजरेत एकच लांबलचक ओळ आहे. एक ठिपका हलवा की हजार हलवा, +१ -१.

याचा खर्चही आहे. आरसीएस सर्वांत ताजी प्रत पूर्ण ठेवतं आणि जुन्या प्रती "हिच्यातून हे काढ, ते घाल" अशा उलट्या फरकांनी. तुमच्याकडे फरक म्हणजेच अख्खी ओळ. १३४४ गुणिले २४०० म्हणजे ३२,२५,६०० बाइट. दर वेळी ठेवलं की इतिहास सव्वातीन एमबीच्या आसपास फुगणार. आजच्या डिस्कला ते काही नाही, पण "फरकच साठवतो, जागा लागत नाही" हे तुमच्या बाबतीत खरं नाही एवढं लक्षात असू द्या.

दुसरं, नवी डिझाइन पहिल्यांदा आत घालताना आरसीएस -आय -केबी करून घाला. आरसीएस फाइलीत डॉलर-आयडी-डॉलर असे शब्द शोधून त्यांच्या जागी रिव्हिजन, तारीख वगैरे भरतं. प्रोग्राममध्ये ते सोयीचं, चित्रात मात्र योगायोगाने तेच बाइट आले तर मधेच अक्षरं घुसतील आणि पुढचा सगळा ग्राफ सरकेल. सात रंगांत ते होणार नाही (डॉलर म्हणजे ३६), पण स्कॅन केलेल्या फाइली ठेवत असाल तर होऊ शकतं. आधीच आत असलेल्यांना आरसीएस -केबी पुरे.

तिसरं, हौस असेल तर: डिझाइन एक्सपीएममध्ये बदललं की ती मजकुराची फाइल होते, एका पिकाला एक ओळ. मग आरसीएसडिफ मारलं की कुठल्या पिकात बदल झाला ते नंबरासकट दिसेल. अण्णांची आडवी किनार आणि तुमचा मोर वेगळ्या ओळींत आहेत, म्हणजे आरसीएसबरोबर येणारी मर्ज कमांड ते आपोआप जोडून देईल. उभी किनार असती तर नाही, ती प्रत्येक ओळीत मोराच्या शेजारी बसते.

धोटा

@सात_रस्ता, हे वाचून अण्णा पहिल्यांदा या काळ्या पडद्यावर खूष झाले. म्हणाले, पुठ्ठ्याचं जकार्ड असंच होतं, एका पिकाला एक पुठ्ठा. किनार बदलायची तर तेवढेच पुठ्ठे सोडवून नवे शिवायचे, मोराच्या पुठ्ठ्यांना हात लावायचा नाही. म्हणजे एक्सपीएम म्हणजे पुठ्ठ्यांची माळ, आणि बीएमपी म्हणजे सगळे पुठ्ठे एकमेकांना चिकटवून टाकलेले.

करून मात्र फसलो. बदलताना रंगांचे क्रमांक फिरले. पडद्यावर मोर तसाच, पण साटीनचा ३ झाला १ आणि साध्या विणीचा ५ झाला ३. मागावर चढवला असता तर जॉबरने मलाच विणलं असतं. म्हणून काकांचाच मार्ग धरला, १.८ बाहेर काढली, दोन्ही टोकांच्या १८० ओळी उचलून चिकटवल्या, १.१० म्हणून ठेवली. (१.९ नंतर १.१० येतं, २.० नाही, हेही आज कळलं.)

सात_रस्ता

क्रमांकांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्यासाठी रंगच नसतो हे तुम्ही आधी सांगितलं होतं तरी. एक्सपीएम नुसतं बघायला वापरा, परत फिरवू नका.

पेठेतला_पोरगा

ताई त्या चार चादरींचं काय झालं बे?

धोटा

एक माझ्या घरी आहे, पगारातून. तीन मालकांनी पाहुण्यांना दिल्या. किनार जुनी आहे हे आमच्याशिवाय कोणाला कळणार.

धोटा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, म्हटलं काकांना सांगावं. वेगळी लॉगिनं झाली. कॅलेंडरमागचा पासवर्ड खोडला (अण्णांनी नवा स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, पण तो त्यांचा त्यांचा). पहिल्या दिवशी लटकलेली अकरा लॉकं निघाली. त्यांतली दोन अशा टॉवेलांची, जे डिझाइन बंद होऊन दोन दिवाळ्या गेल्या.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारीच सुटी घेऊन पोरांना गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) घेऊन गेले. घाईत फाइल लॉक करून तशीच ठेवलेली. दुसऱ्या दिवशी आले तर मेल. पहिल्यांदा आलेला. आरसीएसने लिहिलेलं वर इंग्रजीत, की तुमचं लॉक अण्णांनी तोडलं, आणि खाली कारण विचारतं त्या जागी अण्णांनी टंकलेलं:

"ताई पाळण्यात. गिऱ्हाईक ऑफिसात. किनार मीच केली, तुझ्या मोराला हात लावला नाही. येताना रेवड्या आण."

मी आणल्या नव्हत्या. आधी आरलॉग बघितला, मग सीओ -एल.